तेहतीस वार आणि एक सोलापुरी चादर

शाळेत ‘ज्युलियस सीझर’ बसवायचं ठरलं की सर्वांत आधी पी.टी.च्या तासाचा खून पडतो. त्यानंतर चित्रकलेचा तास जातो, मग शनिवारचा अर्धा दिवस. इंग्रजीच्या बाई स्टाफरूममध्ये एकेका सहकाऱ्याला खिडकीपाशी गाठतात, आवाज खाली आणून त्याला त्याच्या मनाच्या मोठेपणाची आठवण करून देतात आणि तास मागून घेतात. पहिल्या अंकात कॅशियस ब्रूटसला ज्या पद्धतीने गुंडाळतो, ती हीच. पी.टी.च्या सरांनी नाटक वाचलेलं नसतं, त्यामुळे ते हसत हसत हो म्हणतात.

मुंबई-पुण्याच्या आयसीएसई शाळांतल्या मुलांना शेक्सपिअर चुकत नाही. दहावीच्या इंग्रजी साहित्याच्या पेपरात त्याचं नाटक ठाण मांडून बसलेलं असतं. बरीच वर्षं ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’ची पाळी होती, २०२५ च्या परीक्षेसाठी ‘ज्युलियस सीझर’ आलं आणि मोठ्या ताईची जपून ठेवलेली व्हेनिसची गाइडं घरोघरी रद्दीत गेली. शाळा साधारणपणे पहिले दोन अंक नववीत उरकतात आणि उरलेले तीन दहावीत घेतात. म्हणजे कट शिजतो नववीत, खून होतो दहावीत आणि मध्ये मे महिन्याची सुट्टी. कटवाले गावी जाऊन आंबे खातात, चार बोटं उंच होतात, आवाज फुटून परत येतात. नववीत किनऱ्या आवाजात कुजबुजणारा कॅस्का दहावीत भसाड्या गळ्याने पहिला वार करतो.

हे नाटक शाळांना फार पूर्वीपासून प्रिय आहे. इंग्लंड-अमेरिकेतल्या शाळांनीही ते पिढ्यानपिढ्या शिकवलं. शेक्सपिअरच्या मानाने भाषा सरळ, लांबी बेताची, इतिहासाच्या मास्तरांनाही चालण्यासारखा विषय, आणि मुख्य म्हणजे प्रेमप्रकरण औषधालाही नाही. पंधरा वर्षांच्या मुलांपुढे बाल्कनीखालचे उसासे कसे समजावायचे या चिंतेपेक्षा भर सभेतला खून शिक्षकांना पुष्कळ सोपा वाटतो. पालकसभेत खुनाबद्दल आजवर कोणी हात वर केल्याचं ऐकिवात नाही.

पात्रांची निवड हा या नाटकाचा खरा पहिला अंक. नाव सीझरचं, म्हणजे हिरो तोच, अशा समजुतीने पहिल्या दिवशी अर्धा वर्ग सीझर व्हायला तयार असतो. मग कोणीतरी गाइड चाळून बातमी आणतो, की सीझर तिसऱ्या अंकाच्या पहिल्याच प्रवेशात मरतो. संवाद मोजले जातात. सीझरच्या वाट्याला जेमतेम दीडशे ओळी, ब्रूटसच्या वाट्याला सातशेच्या आसपास. इथे वर्गाची सरळ फाळणी होते. ज्यांच्या आया घरी गेल्या गेल्या ‘किती डायलॉग मिळाले?’ विचारतात ते ब्रूटसकडे वळतात. ज्यांना पाठांतराचा कंटाळा आहे त्यांना सीझर एकदम पटतो. थोडं अकडून चालायचं, मरायचं, आणि चौथ्या अंकात भूत होऊन तीन तोकडी वाक्यं बोलायची. मधल्या वेळात विंगेत समोसा खाता येतो.

ब्रूटस अखेर वर्गाच्या मॉनिटरकडे जातो. तो फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहितो आणि त्यात स्वतःच्या जिवलग मित्राचंही नाव घालतो, तेही वर्गाच्या भल्यासाठी. बाईंना याहून जास्त काही समजावावं लागत नाही. कॅशियस होतो तो हडकुळा, चष्म्याआडून सगळ्यांकडे बघणारा मुलगा. सीझरला कमी खाणाऱ्या आणि फार विचार करणाऱ्या माणसांची धास्ती वाटते, हे नाटकातच आहे. ज्याला चार ओळीही पाठ होत नाहीत त्याला पाँपीचा पुतळा करतात. सीझर पाँपीच्या पुतळ्याच्या पायथ्याशी कोसळतो, त्यामुळे पुतळा लागतोच. बाकावर उभं राहायचं, हलायचं नाही. तालमीत हा पुतळा दोनदा शिंकतो आणि एकदा खाली वाकून सीझरला ‘लागलं का रे?’ विचारतो.

उरलेली वीसेक मुलं ‘रोमचे नागरिक’. त्यांची तोंडं दोन दिवस उतरलेली असतात.

बायका दोनच, सीझरची कॅलपर्निया आणि ब्रूटसची पोर्शिया. फक्त मुलांच्या शाळेत या दोन भूमिकांचं काय होतं ते सांगायला नको. बाई तेव्हा इतिहासाचा आधार घेतात. शेक्सपिअरच्या काळात इंग्लंडच्या धंदेवाईक रंगभूमीवर बायका नव्हत्याच, मिसरूड न फुटलेली पोरंच राण्या व्हायची. आणि लांब कशाला जायचं, ज्या मुलखाने बालगंधर्वांच्या शालूची घडी पाहून घराघरात साड्या नेसल्या, तिथे नववीतल्या पोराने कॅलपर्निया व्हायला लाजायचं कारण काय? युक्तिवाद बिनतोड असतो, तरी कोणी पुढे येत नाही. शेवटी पोर्शियाने आपली गुपित राखण्याची ताकद दाखवायला स्वतःच्या मांडीत सुरी खुपसून घेतलेली असते, हे कळल्यावर एक मुलगा तयार होतो. शाळा मुलामुलींची असेल तर भांडण उलट्या बाजूने येतं. मुली विचारतात, एवढ्या मोठ्या रोममध्ये दोनच बायका, आणि त्यांनी काम काय करायचं तर नवऱ्याची काळजी? मग कॅशियस, कॅस्का, डेशियस सगळे मुलीच होतात. त्यांना ठाऊक नसतं, पण त्यांच्या बाजूने थोर साक्ष आहे. लंडनच्या डॉनमार वेअरहाऊसमध्ये २०१२ साली फिलिडा लॉइड यांनी हे अख्खं नाटक फक्त स्त्रियांना घेऊन केलं आणि घडतं कुठे, तर बायकांच्या तुरुंगात.

वाचन सुरू होतं तेव्हा पुस्तकाच्या डाव्या पानावर शेक्सपिअर असतो आणि उजव्या पानावर त्याचं सोपं इंग्रजी. वर्ग उजव्याच पानाने चालतो. तरी कॅशियसचं गाऱ्हाणं मुलांना डाव्या पानावरूनही कळतं, कारण ते त्यांच्या ओळखीचं आहे. सीझर मोठा का नाही, हे पटवताना कॅशियस राजकारण फारसं काढतच नाही. तो सांगतो, की या सीझरने पैज लावून टायबर नदीत उडी मारली आणि मध्येच बुडायला लागला, तेव्हा मीच त्याला खांद्यावरून काठाला आणला. स्पेनमध्ये ताप आला तेव्हा आजारी पोरीगत पाणी मागत होता. आणि आज म्हणे हा देव! मधल्या सुट्टीत नव्या हेडबॉयबद्दल जे बोललं जातं त्याचा सूर तंतोतंत असाच असतो. रिपब्लिक, हुकूमशाही, सिनेट हे शब्द नंतर नोट्समध्ये येतात.

मग घड्याळाचा प्रवेश येतो. दुसऱ्या अंकात कटवाले रात्री ब्रूटसच्या घरी जमतात आणि तीनचे ठोके पडतात. वर्गातला एक चौकस मुलगा हात वर करतो: “मिस, इसवीसनपूर्व चव्वेचाळीसमध्ये टोल्यांचं घड्याळ?” नव्हतंच. शेक्सपिअरने लंडनचं घड्याळ रोममध्ये नेऊन टांगलं. या एका शोधाने वर्गाला जो आनंद होतो तो अख्ख्या नाटकाने होत नाही. शेक्सपिअर चुकला! पुढचे चार दिवस मुलं पुस्तक इतक्या बारकाईने वाचतात की बाई चकित होतात. सगळे चुका शोधत असतात.

घरच्या तालमींचा रंग आणखी वेगळा. आजोबा जुन्या मॅट्रिकचे. अँटनीचं भाषण त्यांना अजून तोंडपाठ असतं आणि ते नातवाला एक ओळही पुरी करू देत नाहीत. त्यांच्या दृष्टीने अँटनी एकच, १९५३ च्या सिनेमातला मार्लन ब्रँडो. आजीचा कल कॅलपर्नियाकडे. बाईला पहाटे एवढं वाईट स्वप्न पडलं, पुतळ्यातून रक्ताच्या चिळकांड्या उडताना दिसल्या, ज्योतिषाने पंधरा मार्चचं आधीच बजावून ठेवलेलं, तरी हा माणूस घराबाहेर पडतो म्हणजे काय? डेशियस येऊन त्याच स्वप्नाचा शुभ अर्थ लावतो आणि सीझर भुलतो, हे ऐकल्यावर आजीचं मत पक्कं होतं: बायकोचं ऐकलं नाही, दुसरं काय होणार. परीक्षेत हेच उत्तर इंग्रजीत लिहिलं तर चांगले मार्क पडतात. योगायोग असा, की पंधरा मार्चच्या सुमारास दहावीची बोर्डाची परीक्षा रंगात आलेली असते, त्यामुळे ज्योतिषाचा इशारा कोणत्याच मुलाला अतिशयोक्त वाटत नाही.

वेशभूषेचा प्रश्न चादरींवर येऊन थांबतो. खरा टोगा म्हणजे अर्धवर्तुळाकार कापलेलं लांबलचक लोकरी वस्त्र. ते नीट नेसायला रोमन माणसालाही नोकराचा हात लागायचा. शाळेची सूचना सुटसुटीत असते: पांढरी चादर आणि चार सेफ्टी पिना. परंतु त्या चादरीवर खून होणार आहे ही बातमी घरी पोचलेली असते आणि पांढरी चादर द्यायला कुठलीच आई तयार नसते. रंगीत तालमीला रोमची सिनेट अवतरते ती जुन्यापान्या चादरींत. मेटेलसच्या पाठीवर सूर्यफुलं, ट्रेबोनियसच्या छातीवर मिकी माउस, आणि कॅशियसच्या अंगावर लाल-निळ्या चौकटींची जाडजूड सोलापुरी चादर. तिची घडी खांद्यावरून ढळत नाही, पिनही लागत नाही. सगळ्या सभागृहात तोच एक सिनेटर शोभतो, फक्त दुसऱ्या अंकापर्यंत घामाने निथळलेला असतो.

रक्तासाठी आधी टोमॅटो सॉस येतो. त्याचा वास येतो आणि सीझरला मेल्या मेल्या भूक लागते. मग कोणाच्या तरी कोकणातल्या मावशीकडून आलेलं कोकमाचं आगळ काढलं जातं. रंग अप्रतिम, ओघळ अप्रतिम, डाग कायमचा. नाटकाची गरजही मोठी आहे. खुनानंतर ब्रूटस सर्वांना सीझरच्या रक्तात कोपरापर्यंत हात बुडवायला लावतो, म्हणजे एका बाटलीवर भागत नाही.

सुऱ्या मात्र पुठ्ठ्याच्या, वर चंदेरी कागद. कंपासपेटीतलं काहीही चालणार नाही, हे बाई तीन वेळा बजावतात, आणि त्यांचं चुकत नाही. ऑर्सन वेल्सने १९३७ साली न्यूयॉर्कमध्ये मर्क्युरी थिएटरचं ‘सीझर’ आधुनिक लष्करी पोशाखात केलं. त्यात ब्रूटस तो स्वतःच होता, आणि हातात खरी पोलादी सुरी. १९३८ च्या एप्रिलमध्ये एका प्रयोगात ती सुरी सीझर झालेल्या जोसेफ हॉलंडच्या छातीत खरोखरच गेली. हॉलंड ठरल्याप्रमाणे कोसळला आणि पडूनच राहिला. बऱ्याच वेळाने लोकांच्या लक्षात आलं की रक्त खरं आहे. तो वाचला, पण काही आठवडे अंथरुणाला खिळला. हाच वेल्स त्याआधी, १९३४ मध्ये, आपल्या शाळेच्या हेडमास्तरांबरोबर विद्यार्थ्यांनी शेक्सपिअर कसा बसवावा याचं पुस्तक काढून मोकळा झाला होता आणि त्यात ‘ज्युलियस सीझर’ होतं. पुठ्ठ्याची सुरी त्यानेही वापरायला हवी होती.

खुनाची तालीम हा एक गणिती विषय आहे. प्लूटार्कच्या चरित्रात सीझरला तेवीस जखमा आहेत. शेक्सपिअरने थॉमस नॉर्थचं १५७९ मधलं इंग्रजी भाषांतर समोर ठेवून लिहिलं, तरी पाचव्या अंकात ऑक्टेव्हियसच्या तोंडी तेहतीस आल्या. दहा कुठून वाढल्या, कोणास ठाऊक. वर्ग तेहतीसवर ठाम असतो. रंगमंचावर सुरी चालवणारे सहा धरले तर प्रत्येकी साडेपाच वार येतात. अर्धा वार कोणी करायचा यावर एक अख्खा तास जातो. शेवटी तो ब्रूटसला देतात, कारण त्याचं मन द्विधा असतं.

प्रत्यक्षात घडतं ते असं. मेटेलस भावाच्या माफीसाठी गुडघे टेकतो, चादर गुडघ्याखाली अडकते, तो पुढे पडतो. कॅस्का मागून येतो आणि पुठ्ठ्याची सुरी सीझरच्या पाठीत घालतो. सुरी वाकते. कॅस्का ती हाताने सरळ करून पुन्हा घालतो. ब्रूटस सोडून बाकीचे चार एकदम धावतात, दोघांची टक्कर होते, कोणीतरी ‘माझा पाय, माझा पाय’ म्हणून मराठीत ओरडतं. सीझर सगळ्यांना पुरून उरतो आणि ब्रूटसची वाट पाहत उभा राहतो. ब्रूटस येतो. आता सीझरने ते जगप्रसिद्ध तीन लॅटिन शब्द उच्चारून कोसळायचं असतं. तो तोंड उघडतो, ब्रूटसकडे बघतो, आणि दोघांनाही हसू फुटतं. पाँपीचा पुतळा हसतो. रोम हसतं. बाई डोक्याला हात लावतात.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी हसू आवरलेलं असतं, पण नवाच घोटाळा होतो. सीझर पडताक्षणी प्रेक्षकांतून टाळ्यांचा कडकडाट येतो. यात आजी आघाडीवर. महाराष्ट्रातल्या शाळांच्या रंगमंचावर वर्षानुवर्षं एकच खून होत आलेला आहे, प्रतापगडाच्या पायथ्याचा, १६५९ मधला. रंगमंचावर खंजीर निघाला, धिप्पाड माणूस पडला, की टाळी द्यायची हे प्रेक्षकांच्या हाडीमाशी खिळलंय. तिथे वध करणारा आपला आणि मरणारा परका, हिशेब चोख. इथे मरणारा कोण, मारणारा कोण, वाईट कोण याचा पत्ताच लागत नाही. टाळ्या वाजवून झाल्यावर लोक शेजारच्याला विचारतात, ‘हा चांगला होता का?’

आपल्याकडे रंगमंचावर मरण दाखवायची चाल मुळातच कमी. नाट्यशास्त्राला ते रुचत नव्हतं. भासाच्या ‘ऊरुभंगा’त दुर्योधन प्रेक्षकांदेखत मरतो, ते अपवाद म्हणूनच सांगितलं जातं. मराठी प्रेक्षकाला अशा मरणाची गोडी लावण्यात शेक्सपिअरचा वाटा मोठा. देवलांचा ‘झुंजारराव’ आला १८९० मध्ये, त्याच्याआधी १८८३ मध्ये आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ करून ठेवलं होतं, आणि गणपतराव जोशींचा हॅम्लेट बघायला माणसं लोटायची. तिथे रडायचं हे ठरलेलं असे. शाळेच्या हॉलमध्ये काय करायचं ते कोणी ठरवून दिलेलं नसतं.

तसं ते १५९९ मध्येही नव्हतं. बाझलचा थॉमस प्लॅटर नावाचा तरुण त्या वर्षी २१ सप्टेंबरला दुपारी जेवून, दोनच्या सुमाराला, थेम्स ओलांडून गेला आणि गवताने शाकारलेल्या नाटकघरात त्याने सीझरचं नाटक पाहिलं. पंधराएक नट होते आणि काम छान झालं, असं त्याने लिहून ठेवलंय. पुढचा तपशील शाळांनी फ्रेम करून लावावा असा आहे. शोकांतिका संपल्यावर नटांनी नाच केला. दोघे पुरुषवेशात, दोघे स्त्रीवेशात. म्हणजे सीझर, ब्रूटस, कॅशियस, पोर्शिया सगळे मेल्यावर दहा मिनिटांत ठेका धरलेला. शाळेच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘सीझर’नंतर सातवी-अ चं कोळीगीत ठेवल्याबद्दल नाकं मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

नाटक खऱ्या अर्थाने उभं राहतं ते खुनानंतर, आणि ते उभं करतात तोंडं उतरलेले नागरिक. आधी ब्रूटस बोलतो. गद्यात, मुद्देसूद, थोडक्यात. मॉनिटर बोलतो तसंच. जमाव इतका खूश होतो की राजा होऊ बघणाऱ्याला मारल्याबद्दल मारणाऱ्यालाच राजा करा म्हणून गलका करतो. मग अँटनी येतो. तो ब्रूटसला पुन्हा पुन्हा सन्माननीय म्हणतो आणि दर वेळी त्या शब्दाचा एकेक टवका उडतो. नागरिकांना या प्रवेशाची तालीम फारशी लागतच नाही. मैदानावरच्या मॅचमध्ये पंचाचा निर्णय आला की हीच वीस मुलं एका मिनिटात तीनदा बाजू बदलतात. पहिला नागरिक, दुसरा नागरिक अशी नुसत्या आकड्यांची पात्रं मिळाली म्हणून रुसलेल्या मुलांना आता कळतं, की चौथ्या नागरिकाचे संवाद सिसेरोपेक्षा सरस आहेत.

मृत्युपत्राचा डाव वर्ग लगेच ओळखतो. अँटनी आधी म्हणतो, सीझरचं मृत्युपत्र माझ्याकडे आहे. मग म्हणतो, पण ते मी वाचणार नाही. झालं! जमाव पेटतो. माणशी पंच्याहत्तर ड्रॅक्मा मिळणार हे कळल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे किती रुपये?’ आणि वर्गातला हिशेबी मुलगा मोबाइल मागतो.

अशाच एका वाचनात, अँटनी सीझरचा झगा उलगडून दाखवतोय, इथून कॅशियसची सुरी गेली, हे भोक कॅस्काचं, इथे ब्रूटसने वार केला, अशी बोट ठेवून यादी चाललीय, वर्ग गप्प आहे, तेवढ्यात मागच्या बाकावरून पुतळ्याचं काम करणारी मुलगी म्हणते, “पण मिस, हा तर बाहेर होता.” बाई थांबतात. पानं उलटली जातात. खरंच, खुनाच्या आधी ट्रेबोनियस अँटनीला बोलण्यात गुंतवून बाहेर नेतो. कोणाचं भोक कोणतं, हे त्याला कळायला काहीच मार्ग नाही. पुतळा मात्र सगळा वेळ तिथेच उभा होता आणि त्याने सगळं पाहिलं होतं. नागरिक संतापतात, की आपल्याला फसवलं. आणि पुढच्या तालमीला तेच नागरिक अँटनीच्या त्याच वाक्यांवर पुन्हा तितक्याच जोराने पेटतात.

पेटलेला जमाव रस्त्यात सिन्ना नावाच्या कवीला गाठतो. कटातल्या एकाचं नावही सिन्ना असतं. हा ओरडून सांगतो, मी तो नव्हे, मी कवी. तेव्हा जमाव म्हणतो, मग कविता वाईट केल्याबद्दल मारू. पस्तीस-चाळीस ओळींचा प्रवेश. वेळ कमी म्हणून बऱ्याच शाळा तोच कापतात. वेल्सच्या प्रयोगात मात्र लोकांच्या अंगावर काटा आणणारा प्रवेश हाच ठरला होता. वर्गात सिन्नाचं काम शाळेच्या वार्षिकात कविता देणाऱ्या मुलाकडे येतं. वीस जण त्याच्यावर पडतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यांवरचा आनंद अभिनयाच्या पलीकडचा असतो. ‘कटात नव्हताच ना हा?’ असं एखादी मुलगी नंतर विचारते आणि हॉल क्षणभर शांत होतो, मग कोणाला तरी सिन्नाचा चष्मा सापडत नाही म्हणून शोधाशोध सुरू होते.

चौथ्या अंकातलं ब्रूटस-कॅशियसचं भांडण पोरं झोकात करतात. तू लाच खाणाऱ्याची बाजू घेतलीस, तू मला पैसे पाठवले नाहीस, मी तुझ्यापेक्षा जुना शिपाई आहे. कॅशियस तर छाती उघडी करून घे, मार म्हणतो. मग एकदम गळ्यात गळा. नववीत तीन आठवडे कट्टी असलेल्या दोघांना बाई मुद्दाम हा प्रवेश देतात, अशी वदंता आहे. त्यांची दिलजमाई होतही असेल; निदान तालमीपुरतं बोलावं लागतं.

परीक्षा मात्र यातलं काही विचारत नाही. ती विचारते, हे कोण कोणाला म्हणालं, कुठे म्हणालं, यातून वक्त्याचा कोणता स्वभाव दिसतो. बहुपर्यायी प्रश्नांत चार स्वभाव दिलेले असतात. क्लासवाल्यांच्या नोट्स पाठ होतात, आणि पुस्तकाच्या आत दुसरंच काही ठेवून वाचायची जुनी कला बहरते; शेक्सपिअरचा आकार कॉमिक लपवायला सोयीचा. रॉबेन बेटावरच्या तुरुंगात याच्या नेमकं उलट झालं होतं. सनी व्यंकटरत्नम या कैद्याकडे शेक्सपिअरचं समग्र पुस्तक होतं. पहारेकऱ्यांनी ते काढून घेऊ नये म्हणून त्याने घरून आलेली दिवाळीची देवादिकांची शुभेच्छापत्रं वर चिकटवली आणि हा आमचा धर्मग्रंथ म्हणून सांगितलं. पुस्तक कैद्यांत फिरलं आणि ज्याने त्याने आपल्या आवडीच्या ओळींपाशी सही केली. नेल्सन मंडेलांची सही १६ डिसेंबर १९७७ ची आहे, आणि ती आहे ‘ज्युलियस सीझर’च्या दुसऱ्या अंकात, घराबाहेर पडू नका म्हणून विनवणाऱ्या कॅलपर्नियाला सीझर भित्र्यांबद्दल जे सुनावतो तिथे. वर्गाने या माहितीचं सोनं केलं. आता शेक्सपिअरला गणपतीच्या चित्राचं कव्हर घालून आत कॉमिक ठेवतात, म्हणजे बाईंना दोनदा उघडून बघावं लागतं.

पाचव्या अंकात सगळे भराभर मरतात आणि हॉलमधल्या पालकांचं लक्ष घड्याळाकडे असतं. ब्रूटसलाही आता मरायचंय, पण तलवार धरायला माणूस मिळेना. क्लायटसच्या कानात सांगतो. तो नाही म्हणतो. डार्डेनियसला विचारतो, तोही दचकून बाजूला होतो. व्हॉलम्नियस तर त्याचा शाळासोबती, दोघं एका शाळेत शिकलेले. मित्राकडून असलं काम करून घेतात का, म्हणून तोही हात झटकतो. तेव्हा ब्रूटसची नजर जाते स्ट्रेटोकडे. तो इतका वेळ झोपलेला असतो.

ही भूमिका कोणाला द्यायची यावर कुठल्याच वर्गात मतदान होत नाही. शेवटच्या बाकावरचा तो मुलगा पहिल्या अंकापासून याची तयारी करत आलेला असतो. प्रयोगात तो खरोखरच झोपला होता; ब्रूटसने हाक मारली, हलवलं, शेवटी पायाने ढोसलं, तेव्हा उठून त्याने तलवार उलटी धरली, मग सुलटी धरली. ब्रूटस मेला. विजयी ऑक्टेव्हियस आला आणि त्याने ब्रूटसच्या माणसांना आपल्या चाकरीत घ्यायचं जाहीर केलं. स्ट्रेटोलाही विचारलं, येतोस का? स्ट्रेटोचं उत्तर असं, की मेसालाने शिफारस केली तर येतो. मेसाला शिफारस करतो आणि काम होतं.

पडदा पडल्यावर या मुलाने हिशेब मांडला: सीझर गेला, ब्रूटस गेला, कॅशियस गेला, पोर्शिया गेली, कवी फुकट गेला; आणि अख्ख्या नाटकात झोप काढलेल्या माणसाची नोकरी पक्की झाली. मग तो मेसाला झालेल्या मुलाकडे गेला आणि अकरावीच्या प्रवेशासाठी तशीच शिफारस लेखी मिळेल का, म्हणून विचारू लागला.